उजेडाचे गणित मांडणारे लॅम्बर्ट

रक्तातील हिमोग्लोबिनपासून पिण्याच्या पाण्यातील लोहापर्यंत अनेक घटकांचे प्रमाण प्रयोगशाळेत रंगावरून ठरते. रंगीत द्रावणातून प्रकाश पाठवायचा आणि त्यातला किती शोषला गेला ते मोजायचे, ही ती पद्धत. तिच्या मुळाशी असलेल्या नियमाला ज्यांचे नाव मिळाले, त्या योहान हाइनरिख लॅम्बर्ट यांची शाळा बाराव्या वर्षीच सुटली होती.

२६ ऑगस्ट १७२८ रोजी मुलहाउस येथे एका गरीब शिंप्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. हे शहर आज फ्रान्समध्ये आहे. वडिलांच्या कामाला हातभार लावण्यासाठी शाळा सोडली, तरी त्यांनी अभ्यास सोडला नाही. पुढे बाझेल येथे ते एका वृत्तपत्राच्या संपादकाचे लेखनिक झाले. १७४८ मध्ये स्वित्झर्लंडमधील कूर येथे एका सरदार घराण्यातील मुलांना शिकवण्याचे काम त्यांना मिळाले. त्या घरातील ग्रंथसंग्रह हेच त्यांचे विद्यापीठ ठरले.

१७६० मध्ये त्यांचा 'फोटोमेट्रिया' हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळी प्रकाश मोजायला डोळ्याखेरीज साधन नव्हते. उजेड नेमका किती, हे डोळा सांगू शकत नाही. मात्र शेजारचे दोन पृष्ठभाग सारखेच उजळले आहेत का, हे तो ओळखतो. याच तुलनेवर लॅम्बर्ट यांनी प्रकाशमापन उभे केले. समान जाडीचा प्रत्येक थर आपल्यापर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाचा ठरावीक अंश शोषतो, हे त्यांनी गणिताने मांडले. एका थरातून निम्मा प्रकाश पार झाला, तर दोन थरांतून पाव आणि तीन थरांतून अष्टमांश उरतो. हे तत्त्व फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर बूगे यांनी १७२९ मध्येच मांडले होते. लॅम्बर्ट यांनी आपल्या ग्रंथात बूगे यांचा उल्लेख केला. तरीही नियमाला नाव रूढ झाले ते लॅम्बर्ट यांचेच.

१७६५ मध्ये बर्लिनच्या अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले. 'पाय' ही संख्या अपरिमेय असल्याचे सिद्ध करण्याचा मानही त्यांचाच. २५ सप्टेंबर १७७७ रोजी, वयाच्या ४९व्या वर्षी बर्लिनमध्ये त्यांचे निधन झाले.

१८५२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट बेअर यांनी रंगीत द्रावणांचा अभ्यास करून या विचाराला संहतीची जोड दिली. थर दुप्पट जाड करणे आणि द्रावण दुप्पट गाढ करणे, यांचा परिणाम सारखाच होतो. आजच्या स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये बहुधा १ सेंटिमीटर रुंदीच्या पात्रातून ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश जातो. दहावा हिस्सा पार झाला तर शोषणांक १, शंभरावा झाला तर २. ज्ञात संहतीच्या द्रावणाशी हा आकडा ताडून अज्ञात द्रावणाची संहती काढली जाते. डोळ्याची जागा यंत्राने घेतली. तुलनेची रीत मात्र कायम राहिली.