मॅट्रिकही न झालेल्या भाऊरावांनी साताऱ्यात शिक्षक घडवणारी कॉलेजं काढली, त्याची गोष्ट

कर्मवीर भाऊराव पाटील म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? लांब पांढरी दाढी, खांद्यावर घोंगडी, साताऱ्याचं बोर्डिंग, कमवा आणि शिका. आणि लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी मोडलेले दागिने. शाळेच्या पुस्तकात एवढं सगळ्यांनीच वाचलेलं असतं.

पण बोर्डिंग काढून एखाद्या तालुक्यातली शंभर मुलं शिकतील. खेड्यापाड्यात शाळा काढायच्या, तर आधी मास्तर लागतात. ते आणायचे कुठून? भाऊरावांच्या कामाचा मोठा हिस्सा या एका प्रश्नाचं उत्तर शोधण्यात गेला. त्याबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ चा, कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुंभोजचा. घर जैन, वडील पायगोंडा सरकारी नोकरीत. शिकण्यासाठी त्यांना कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलमध्ये घातलं आणि राहायला जैन बोर्डिंगमध्ये ठेवलं. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या कार्यक्रमाला ते गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला सांगितलं, तर चक्क नाही म्हणाले. बोर्डिंगमधून बाहेर पडावं लागलं. शाहू महाराजांचा सहवास मिळाला, पण अभ्यासाची गाडी काही पुढे सरकली नाही. मॅट्रिक राहिलीच.

मग साताऱ्यात शिकवण्या सुरू केल्या. लोक पाटील मास्तर म्हणायला लागले. म्हणजे हातात कसलंही प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट नसताना हा माणूस मास्तर झाला होता, हे लक्षात ठेवा.

मधल्या काळात कोल्हापूरचं डांबर प्रकरण झालं, पोलिसांचा छळ झाला, तुरुंगात जीव द्यायचा प्रयत्नही झाला. त्यातून सुटल्यावर ओगल्यांच्या काचेच्या मालाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करत ते गावोगाव हिंडले. हे हिंडणं पुढे कामाला आलं. कोणत्या गावात शाळा आहे, कुठे नाही, कुठला पाटील चार पैसे देईल आणि कुठला दारातूनच परत पाठवेल, हे त्यांना पाठ झालं. आजच्या भाषेत बोलायचं तर त्यांनी आख्खा सर्व्हे पायी केला होता.

४ ऑक्टोबर १९१९ ला कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग आलं. त्यात सगळ्या जातींची मुलं एकाच पंगतीला बसत. १९२७ मध्ये गांधीजी आले आणि त्या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. १९३० मध्ये लक्ष्मीबाई गेल्या.

आता मुद्द्याची गोष्ट.

त्या काळी मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला तरुण प्राथमिक शाळेत मास्तर होऊ शकायचा. पण पास होणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं. शिकवायचं कसं हे शिकण्यासाठी ट्रेनिंग कॉलेज असायचं. अशी कॉलेजं मोजकी आणि शहरांत. तिथून तयार झालेला मास्तर डोंगरातल्या वाडीवर जायला कशाला तयार होईल?

१९३५ मध्ये भाऊरावांनी साताऱ्यात स्वतःचं ट्रेनिंग कॉलेज काढलं. नाव होतं सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज. हे ज्युबिली कुणाचं? इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याच्या राज्यारोहणाचं. सत्यशोधक विचारांचा, खादी घालणारा माणूस आणि कॉलेजला इंग्रज बादशहाच्या उत्सवाचं नाव! ऐकायला विचित्र वाटतं, पण भाऊरावांना काम होण्याशी मतलब होता. सरकारी मान्यता हवी असताना असं नाव कुणाला खुपणार नव्हतं.

या नावातला खरा महत्त्वाचा शब्द रूरल आहे. ज्या खेड्यातून मुलगा आला, त्याच प्रकारच्या खेड्यात त्याला परत जायचं होतं. त्यामुळे पाठ कसा घ्यायचा, फळा कसा वापरायचा, एकाच खोलीतल्या चार इयत्ता कशा सांभाळायच्या, याच्या जोडीला हाताने काम करण्याची आणि कोणत्याही जातीच्या माणसाबरोबर राहण्याची सवय लागत होती. नुसतं पुस्तक शिकवणारा मास्तर वाडीवर चार महिनेही टिकला नसता.

दोनच वर्षांत याचा उपयोग दिसला. १९३७ मध्ये बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात सत्तेवर आलं. जिथे शाळा नाही तिथे स्वयंसेवी संस्थांनी शाळा काढाव्यात, सरकार मदत देईल, असं धोरण आलं. यांना व्हॉलंटरी शाळा म्हणत. बाकीच्या संस्था माणसं शोधत बसल्या असत्या. भाऊरावांकडे मास्तर तयार होत होते. १९३८ पासून रयतच्या व्हॉलंटरी शाळा सुरू झाल्या. कधी देवळात, कधी चावडीत, कधी कुणाच्या पडवीत. बघता बघता हा आकडा ५७८ वर गेला.

पाचशे अठ्ठ्याहत्तर शाळा, आणि प्रत्येक शाळेला निदान एक मास्तर. ट्रेनिंग कॉलेज नसतं तर हा आकडा कागदावरच राहिला असता.

बायकांचं काय? चाळीसच्या दशकात साताऱ्यातच जिजामाता अध्यापिका विद्यालय सुरू झालं. गावात बाई शिकवायला असली की मुलींना शाळेत पाठवायला घरचे जरा लवकर तयार होतात, हा हिशोब सोपा होता.

स्वातंत्र्यानंतर सरकारने प्राथमिक शिक्षण आपल्याकडे घेतलं आणि या सगळ्या शाळा रयतच्या हातातून गेल्या. उभं केलेलं असं एका फटक्यात गेल्यावर दुसरा कुणी खचला असता. भाऊरावांनी मोर्चा हायस्कुलांकडे वळवला. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावाने १०१ हायस्कुलं काढण्याचा संकल्प त्यांनी केला. त्याच सुमारास मुंबई सरकारशी खटके उडाले आणि संस्थेचं अनुदान थांबलं. लोकांनी गावागावातून धान्य आणि पैसे दिले. शेवटी गाडगेबाबांनी खेरांकडे शब्द टाकला आणि अनुदान पुन्हा सुरू झालं.

अनुदान मिळालं तरी जुना प्रश्न परत समोर आला, फक्त एक पायरी वर. हायस्कूलला सातवी पास मास्तर चालत नाही. तिथे पदवीधर लागतो, आणि त्याच्याकडे बी.टी. म्हणजे बॅचलर ऑफ टीचिंग ही विद्यापीठाची पदवी हवी. आजच्या बी.एड.चं हे जुनं नाव. मुंबईत सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज १९०६ पासून होतं, पुण्यात टिळक कॉलेज ऑफ एज्युकेशन १९४१ मध्ये आलं. पण शेतकऱ्याच्या पोराने आधी बी.ए. करायचं आणि मग वर्षभर पुण्या-मुंबईत राहून बी.टी. करायचं, तर खर्च कुणी करायचा?

भाऊरावांनी हे टप्प्याटप्प्याने सोडवलं. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं, म्हणजे पदवीधर घरातच तयार होतील. १९५४ मध्ये कऱ्हाडला गाडगे महाराजांच्या नावाने दुसरं कॉलेज. आणि १९५५ मध्ये साताऱ्यात मौलाना आझादांच्या नावाने बी.टी. कॉलेज, तेव्हाच्या पुणे विद्यापीठाच्या अखत्यारीत. आता साखळी पूर्ण झाली. बोर्डिंगमध्ये आलेला मुलगा रयतच्याच हायस्कुलात शिकणार, रयतच्याच कॉलेजात पदवी घेणार, आझाद कॉलेजात बी.टी. करणार आणि पुन्हा रयतच्या एखाद्या नव्या हायस्कुलात शिक्षक, पुढे हेडमास्तर होणार.

या साखळीत एक धोकाही होता. सगळे आपल्याच मुशीतले असले की बाहेरचं वारं लागत नाही. पण भाऊरावांनी माणसं बाहेरही पाठवली. बोर्डिंगमध्ये वाढलेले पी. जी. पाटील विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि वकिलीऐवजी रयतमध्येच शिकवायला लागले. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९५९ मध्ये भाऊरावांना पद्मभूषण मिळालं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. स्वतः मॅट्रिक न झालेल्या पाटील मास्तरांच्या नावापुढे अशी पहिली पदवी लागली, तेव्हा त्यांच्या बी.टी. कॉलेजला चार वर्षं झाली होती. महिनाभराने, ९ मे १९५९ ला, ते गेले.

राजाच्या ज्युबिलीचं नाव लावलेलं ते पहिलं ट्रेनिंग कॉलेज पुढे नव्या नावाने ओळखलं जाऊ लागलं, महात्मा फुले अध्यापक विद्यालय.