जेम्स प्रेस्कॉट जूल

विजेच्या शेगडीची तार लालबुंद होते. परंतु तिला वीज पोंचविणारी तांब्याची तार फारशी तापतही नाहीं. दोहोंतून प्रवाह एकच वाहतो. मग हा भेद कां? या प्रश्नाचें उत्तर ज्यानें प्रयोगानें मोजून दिलें, त्या जूलचें चरित्र विद्यार्थ्यांनीं अवश्य मनन करावें असें आहे.

जूलचा जन्म २४ डिसेंबर १८१८ रोजीं इंग्लंडांत मँचेस्टरलगत सॅल्फर्ड येथें झाला. वडिलांचा बीअरचा मोठा कारखाना होता. लहानपणीं पाठीच्या कण्याच्या व्याधीमुळें त्याची प्रकृति नाजूक असे. म्हणून त्याचें शिक्षण घरींच झालें. पुढें १८३४ पासून कांहीं काळ तो थोर रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन याजजवळ शिकला. विश्वविद्यालयांत मात्र तो विद्यार्थी म्हणून कधींच गेला नाहीं.

कारखान्याचें काम सांभाळून तो घरींच प्रयोग करी. वयाच्या बाविसाव्या वर्षीं, १८४० सालीं, त्यानें कांचेच्या नळीभोंवतीं तार गुंडाळून ती मोजलेल्या पाण्यांत बुडविली, तींतून ठराविक वेळ प्रवाह सोडला आणि पाणी किती तापलें हें उष्णतामापकावर पाहिलें. तारेचा रोध दुप्पट केला तर उष्णता दुप्पट होते. परंतु प्रवाह दुप्पट केला तर ती चौपट, आणि तिप्पट केला तर नऊपट होते, असें त्यास आढळलें. शेगडीच्या तारेचा रोध मोठा, तांब्याच्या तारेचा अत्यल्प. वरील कोड्याचें उत्तर तें हेंच.

विद्वानांनीं मात्र या तरुणाकडे प्रथम फारसें लक्ष दिलें नाहीं. रॉयल सोसायटीनें त्याच्या निबंधाचा केवळ सारांश छापला. यांत्रिक श्रमांतूनही ठराविक प्रमाणांतच उष्णता उपजते, हें त्यानें १८४३ सालीं कॉर्क येथील सभेंत मांडलें. सभा स्तब्ध राहिली. तथापि तो खचला नाहीं. पडत्या वजनांनीं चाक फिरवून पाणी घुसळावें आणि अंशाच्या अल्प भागाइतकी वाढ टिपावी, असा त्याचा क्रम वर्षानुवर्षें चालला. १८४७ सालीं ऑक्सफर्ड येथें त्यास थोडक्यांत आटोपण्याची सूचना झाली. परंतु सभेंतील विल्यम टॉमसन या तरुण प्राध्यापकानें त्या विचाराचें मोल ओळखलें. पुढें १८५० सालीं रॉयल सोसायटीनें त्यास सभासद केलें व १८७० सालीं कॉप्ले पदक दिलें. ११ ऑक्टोबर १८८९ रोजीं तो निवर्तला. ऊर्जेच्या एककास आज त्याचेंच नांव आहे.

जूलचा नियम आपल्या खानदेशांतही पदोपदीं दिसतो. घरांतील फ्यूजची बारीक तार प्रवाह वाढतांच वितळते व घर वांचविते. धुळ्यास जोडणाऱ्या विद्युद्वाहिन्यांत ७,६५,००० व्होल्टपर्यंतचा दाब ठेवतात. कारण दाब वाढविल्यास तेवढीच वीज कमी प्रवाहानें नेतां येते, आणि प्रवाह निम्मा झाला म्हणजे तारेंत उष्णतारूपानें वायां जाणारी वीज चौथाईवर येते.

थोर उपकरणें नसलीं तरी चालेल. काळजीपूर्वक मोजणारी दृष्टि आणि उपेक्षेनें न ढळणारें मन असलें म्हणजे झालें, हाच या चरित्राचा बोध होय.