रोलर ओढणारा बोलर

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे ब्रॅडमन मला पाठ होता. बाळू पालवणकर हे नाव मात्र पुण्यात होस्टेलवर आल्यावर पहिल्यांदा ऐकलं.

बाळूंचा जन्म धारवाडचा, चर्मकार कुटुंबातला. १८९० च्या दशकात पूना क्लबवर महिना चार रुपयांत ते पिच तयार करायचे, नेट लावायचे. ग्रेग नावाच्या गोऱ्या बॅट्समनला सरावासाठी बोलर हवा होता, म्हणून हातात बॉल आला. डावखुरी स्पिन अशी वळायची की पुण्याच्या हिंदू संघाला त्यांना घ्यावंच लागलं. मैदानावर सगळे एकत्र. चहा मात्र बाळूंना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात पठ्ठ्याने ११४ विकेट्स काढल्या! तरी हिंदू संघाचा कर्णधार म्हणून त्यांना काही नेमलं नाही. तो मान १९२३ मध्ये धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाला. १९५५ साली बाळू गेले.

आमच्या ग्राउंडवर रोलर फिरवणाऱ्यांना मी दोन वर्षं नुसतं ‘मामा’ म्हणतोय. हे लिहिताना लक्षात आलं, त्यांचं नाव कधी विचारलंच नाही. उद्या विचारणार आहे. बोलिंग येते का, तेही.