शाळा अंगणात नेणाऱ्या ताराबाई मोडक कोण होत्या? घरातल्या शिक्षणाबद्दल त्यांचं काम काय सांगतं?

अंगणवाडी म्हटलं की सरकारी योजना आठवते. केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. पण मुलांच्या दारात जाऊन शिकवण्याचा प्रयोग त्याआधी सुमारे तीन दशकं बोर्डीत (आताचा पालघर जिल्हा) सुरू झाला होता. तो करणाऱ्या होत्या ताराबाई मोडक.

प्राचार्यपद सोडून बालशिक्षणात

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. १९१४ मध्ये त्या पदवीधर झाल्या. पुढे राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्य झाल्या. वैवाहिक आयुष्यात दुरावा आला होता आणि लहान मुलीची जबाबदारी त्यांच्यावर होती. तरीही प्रतिष्ठेची नोकरी सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. १९२६ मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. पालकांपर्यंत हे विचार पोहोचावेत म्हणून ताराबाईंनी मराठी ‘शिक्षणपत्रिका’ चालवली.

अंगणवाडी कशी सुरू झाली?

माँटेसरी पद्धत चांगली, पण तिची साधनं महाग. गरीब घरातल्या मुलांचं काय, हा खरा प्रश्न होता. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीत ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी झाल्या. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच वस्तीच्या अंगणात गेली. आधी मुलांची स्वच्छता, मग गाणी, गोष्टी, खेळ. खडे, बिया, शिंपले आणि पानं हीच साधनं.

कोसबाडमध्ये काय बदललं?

१९५७ मध्ये काम कोसबाडच्या आदिवासी भागात हलवण्यात आलं. तिथं वेगळी अडचण होती. मोठी मुलं गुरं राखायची किंवा धाकट्या भावंडांना सांभाळायची. शाळेत येणार कशी? म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. धाकटं भावंड पाळणाघरात, मोठी बहीण वर्गात! गुराख्यांसाठी थेट कुरणात ‘कुरणशाळा’ भरू लागली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाला. १९७३ मध्ये त्यांचं निधन झालं.

आजच्या पालकांनी यातून काय घ्यावं?

- महागडी खेळणी गरजेची नाहीत: पहिली-दुसरीतलं मूल डाळी निवडताना, चिंचोके मोजताना गणित शिकतं.
- कामं स्वतः करू द्या: आंघोळ, दप्तर भरणं, पाणी वाढणं. वेळ लागेल, पण हात आणि आत्मविश्वास दोन्ही तयार होतात.
- रोज गोष्ट आणि गाणं: घरात बोलली जाते त्याच भाषेत.
- भावंडाची जबाबदारी किती? मदत जरूर घ्या, पण त्यापायी मोठ्या मुलाचा, विशेषतः मुलीचा, अभ्यास आणि खेळ बुडू देऊ नका.
- मूल शिकत नाही असं वाटलं तर: आधी त्याची अडचण शोधा. कोसबाडमध्ये मुलं बदलली नव्हती, शाळेनं आपली जागा बदलली होती.