कै. भास्करराव विठोजीराव जाधव

श्रीमच्छत्रपती शाहू महाराजांचे नाव कोल्हापुरात लहानथोरांच्या तोंडी आहे. परंतु त्यांचे कर्तबगार सहकारी कै. भास्करराव जाधव ह्यांचे चरित्र आमच्या वाचकांपैकी थोड्यांसच ठाऊक असेल. ह्याच शहराच्या म्युनिसिपल कचेरीतून निघून दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळापर्यंत पोहोचलेल्या ह्या गृहस्थांची हकीकत म्हणून येथे देण्याचे आम्ही योजिले आहे.

भास्कररावांचा जन्म १८६७ साली कुलाबा जिल्ह्यातील नागाव येथे झाला. मुंबईस विल्सन व एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून ते एम. ए., एलएल. बी. झाले. मराठा समाजात एवढे शिकलेले तरुण त्या काळी बोटांवर मोजण्याइतके. महाराजांच्या हाती राज्यसूत्रे १८९४ साली आली, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी ह्या तरुणास आपल्या मुलकी खात्यात घेतले. पुढे त्याच नोकरीत चढत जाऊन ते रेव्हिन्यू मेंबरच्या जागेवरून निवृत्त झाले.

मधल्या काळात त्यांनी अनेक वर्षे कोल्हापूर म्युनिसिपालिटीचे सुपरिंटेंडेंट म्हणून काम पाहिले. ही जागा मतांनी मिळत नसे. संस्थानात अधिकार सर्व दरबारचा, व भास्कररावही दरबारचे नेमलेले अधिकारी. रस्ते, गटारे, दिवाबत्ती, पट्टीची वसुली, ही कामे अशी की त्यांत नाव थोडे व शिव्या फार! परंतु हुकमाने गटार बांधता येते, माणूस उभा करता येत नाही, हे त्यांनी ओळखले असावे. कारण कचेरीबाहेरचे त्यांचे सर्व उद्योग लोकांनी आपला कारभार आपण चालवावा ह्याच दिशेचे दिसतात. १९०७ साली त्यांनी मराठा शिक्षण परिषद सुरू केली. १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज पुन्हा उभा राहिला, त्याचे ते अध्यक्ष झाले. १९१३ साली निघालेल्या अर्बन सहकारी संस्थेच्या स्थापनेतही त्यांचा पुढाकार होता. ब्राह्मण भटजीवाचून धर्मविधी करता यावेत म्हणून त्यांनी 'घरचा पुरोहित' हे पुस्तक लिहिले. आम्ही स्वतः पौरोहित्य करणारे. तेव्हा हा विचार आमच्या गळी सहजासहजी उतरणारा नव्हे. तथापि ज्या घरास वेदोक्ताचा अधिकार नाही म्हणून हिणविले जाते, त्या घराने दुसरे काय करावे, ह्याचे उत्तर आम्हांसही सुचत नाही.

१९१९ साली विलायतेत जाऊन त्यांनी पार्लमेंटच्या संयुक्त समितीपुढे मराठा व तत्सम जातींची बाजू मांडली. त्या वर्षीच्या सुधारणांअन्वये मुंबई कायदेमंडळात ह्या वर्गासाठी सात जागा राखण्यात आल्या. १९२२ साली सरकारने भास्कररावांस त्या कायदेमंडळात नेमले. १९२३ साली मात्र ते मतदारांकडून निवडून आले. तेव्हा त्यांचे वय ५६! सारा जन्म नेमणुकीच्या जागांवर घालविल्यावर ह्या वयात मतदारांपुढे उभे राहणे सोपे नव्हे. १९२४ ते १९२६ ते शिक्षणमंत्री होते, आणि १९२८ ते १९३० शेतकीमंत्री. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या हाती जावयाच्या होत्या. तो अंमल त्यांच्या कारकीर्दीत आला. म्युनिसिपालिटीत मुरलेल्या मंत्र्यास हे काम शोभणारेच होते. पण द्विदल राज्यपद्धतीत शिक्षण मंत्र्याकडे व तिजोरी गव्हर्नराच्या राखीव खात्याकडे, अशी वाटणी असे. शाळा काढावयाची एकाने आणि पैशाची थैली दुसऱ्याच्या कमरेला.

१९३० साली ते गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले.  त्याच साली भास्करराव मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून आले. ह्या विजयास एक उणेपण आहे, ते लपविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. काँग्रेसने त्या निवडणुकीवर बहिष्कार घातला होता, व देशातील हजारो लोक सत्याग्रहात तुरुंगात होते. केशवराव जेध्यांसारखे ब्राह्मणेतर पक्षाचे तरुण पुढारी काँग्रेसकडे वळले; भास्करराव वळले नाहीत. खेड्यातील मूल शिकण्यापूर्वी स्वराज्य आले तर ते मूठभरांचेच होईल, हे भय त्यांच्या साऱ्या राजकारणाच्या मुळाशी होते असे आम्हांस वाटते. भय खोटे नव्हते, परंतु काळ थांबला नाही. १९३४ च्या निवडणुकीत काँग्रेस पुन्हा उतरली, आणि पुढील राजकारण त्यांना मागे टाकून गेले.

मार्च १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, ते पाहावयास भास्करराव हयात होते. १९५० साली त्यांचे देहावसान झाले.