हिशेबी राजा : माधवराव शिंदे

घरात चार रुपये शिल्लक पडले की आपण ते डब्यात ठेवतो आणि निश्चिंत होतो. परंतु डब्यात पडून राहिलेला पैसा खरोखर बिनखर्चाचा असतो काय? तो एखाद्या उपयुक्त कामी लावला असता तर जो लाभ झाला असता, तो आपण गमावलेलाच असतो. हा साधा, पण सहज नजरेआड होणारा हिशेब आपल्या ग्वाल्हेरच्या एका राजाने जन्मभर मांडला. ते राजे म्हणजे श्रीमंत माधवराव शिंदे.

माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. १८८६ मध्ये वडील जयाजीराव निवर्तले, तेव्हा त्यांना दहावे वर्षही पुरे झाले नव्हते. राज्याचे पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले ते १८९४ मध्ये. जयाजीराव मोठे संचयी होते. १८५८ च्या धामधुमीत राजधानी हातची गेलेली त्यांनी स्वतः अनुभवली होती. संकटकाळी द्रव्य जवळ असावे, ही त्यांची भावना म्हणूनच समजण्यासारखी होती. आग्रा-ग्वाल्हेर लोहमार्गासाठी त्यांनी ७५ लक्ष रुपये कर्जाऊ दिले खरे. तथापि त्यांनी साठविलेली गंगाजळीही अफाट होती.

माधवरावांपुढे प्रश्न उभा राहिला, तो हाच. संचय हलविला नाही तर निर्धास्तपणा मिळतो, पण प्रजेची स्थिती सुधारत नाही. तो कामाला लावला तर राज्य वाढते, पण बुडण्याचे भय राहते. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. मात्र डोळे मिटून नव्हे.

त्यांच्या रेल्वेचेच उदाहरण घ्या. भिंड, शिवपुरी, श्योपूर हे मुलूख तेव्हा राजधानीपासून फार दूर वाटत. छप्पनच्या दुष्काळासारखा प्रसंग आला की धान्य एकीकडे आणि भुकेली माणसे दुसरीकडे अशी अवस्था होई; चाऱ्यावाचून बैलच खंगले तर गाड्या ओढाव्यात कोणी? रुंद रुळांची आगगाडी उत्तम, पण तिला खर्च भारी. माधवरावांनी अवघ्या दोन फूट रुंदीचा मार्ग निवडला. त्याला रूळ हलके चालतात, पूल लहान पुरतात आणि वळणे आखूड घेता येतात. त्याचे तोटेही उघड होते. गाडी मंद चालणार आणि ग्वाल्हेरास प्रत्येक पोते उतरवून मोठ्या गाडीत पुन्हा चढवावे लागणार. पण जेथे मोठी गाडी परवडणारच नव्हती, तेथे निवड लहान गाडी आणि बैलगाडी यांमध्येच होती. १८९९ पासून हे मार्ग खुले होऊ लागले आणि १९०९ मध्ये गाडी श्योपुरास पोहोचली. सुमारे २०० किलोमीटरचा तो प्रवास दहा-अकरा तासांचा होता. तरीही ती गाडी २०२० पर्यंत लोकांची सेवा करीत राहिली.

१९०५ मध्ये त्यांनी ग्वाल्हेरचा मेळा सुरू केला. जनावरांच्या खरेदी-विक्रीने आरंभ झालेल्या ह्या मेळ्याचा पुढे केवढा विस्तार झाला, हे आपण पाहतोच. पुढे टाटांच्या पोलाद कंपनीला खेळत्या भांडवलाची निकड भासली, तेव्हा चार लक्ष पौंडांचे सर्व कर्जरोखे माधवरावांनी एकट्याने घेतले. भागीदाराला नफा अधिक मिळू शकतो, पण तोटाही सोसावा लागतो. कर्जरोख्यावरील व्याज ठरलेले, पण भांडवल त्या मानाने सुरक्षित. प्रजेच्या पैशासाठी त्यांनी सुरक्षितपणा पसंत केला आणि देशाच्या एका नव्या उद्योगालाही हात दिला. १९१२ मध्ये साकची येथे पोलाद तयार होऊ लागले.

सर्वच हिशेब बरोबर आले असे मात्र नाही. सांक नदीवरील तिघऱ्याचे धरण १९१६ मध्ये बांधून झाले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९१७ मध्ये, पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरून ते फुटले आणि खालच्या भागात मोठी प्राणहानी झाली. वर दिसणारी भिंत भक्कम होती. दगा दिला तो न दिसणाऱ्या पायाने. पैशाचे नुकसान दौलतीने भरून काढले असेल. गेलेले जीव कोणत्या खात्यातून परत येणार? पुढे पाया सुधारून धरण पुन्हा उभारण्यात आले आणि आजही ते ग्वाल्हेरची तहान भागविते. तथापि खर्च मोजताना केवळ रुपये मोजून भागत नाही. चूक झालीच तर ती कोणाच्या दारी जाईल, हेही आधी पाहावे लागते, ही शिकवण त्या पाण्याने फार महाग दिली.

५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे माधवरावांचे देहावसान झाले. तेव्हा ते अवघे ४८ वर्षांचे होते.

आपल्यापैकी कोणाला राज्याची गंगाजळी सांभाळावयाची नाही. पण सुटीत पोहणे शिकावे की टंकलेखन, घरातील पैशांतून सायकल घ्यावी की बहिणीची फी भरावी, असे प्रश्न प्रत्येक घरात येतात. एक घेतले की दुसरे सोडावे लागते. काय मिळते हे सर्वांनाच दिसते; काय सुटते आणि त्याचा भार कोणावर पडतो, हे जो पाहतो तोच खरा हिशेबी.