कुंभकाला घड्याळ लावणारे स्वामी कुवलयानंद

मुंबईहून पुण्याकडे जाणारी गाडी कर्जतला थांबते, तिला मागून जादा इंजिने जोडली जातात आणि मग ती बोरघाट चढू लागते. घाटाच्या पायथ्याशी खालापूर तालुक्यातील खोपोली आणि माथ्यावर लोणावळा. माथ्यावरच्या तलावांचे पाणी १९१५ पासून नळांवाटे खोपोलीच्या वीजगृहात कोसळू लागले आणि त्यावर मुंबईच्या गिरण्या चालू लागल्या. त्यानंतर नऊ वर्षांनी त्याच माथ्यावर आणखी एका शक्तीचे मोजमाप सुरू झाले. ती शक्ती श्वासाची, आणि मोजणारे होते जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद.

त्यांचे आज स्मरण व्हावे, याला एक निमित्त आहे. श्वास रोखून खोल पाण्यात उतरण्याचा फ्रीडायव्हिंग हा खेळ आपल्याकडील तरुणांनाही आता परिचित होऊ लागला आहे. हे पाणबुडे मनगटावर एक छोटा संगणक बांधतात. किती खोल गेलो, किती वेळ झाला, पृष्ठभागावर येऊन किती विश्रांती झाली, हे तो सांगतो आणि ठरवलेल्या क्षणी गजरही देतो. सरावासाठी त्यात टप्पे लावता येतात. उदाहरणार्थ, प्रत्येक वेळी दीड मिनिट श्वास रोखायचा आणि मधली विश्रांती दोन मिनिटांपासून दर फेरीला पंधरा सेकंदांनी कमी करत जायची. आठव्या फेरीआधी विश्रांती उरते अवघी पंधरा सेकंदांची. अशा सरावाने शरीराला कार्बन डायऑक्साइड सोसण्याची सवय होते. दुसऱ्या पद्धतीत विश्रांती तेवढीच ठेवून रोखण्याचा काळ वाढवत नेतात. तिचा रोख कमी प्राणवायूवर असतो. यातील बहुतेक संगणक पाण्यात शिरताच आपोआप मोजू लागतात. त्यामुळे घरी, जमिनीवर आडवे पडून सराव करायचा असेल, तर वेगळा टप्प्यांचा गजर लावावा लागतो. आणि हा सराव शिकवणारे जाणकार तो जमिनीवरच करण्याचा आग्रह धरतात.

पूरक, कुंभक, रेचक आणि त्यांच्या मात्रा ठाऊक असलेल्या मराठी माणसाला यात ओळखीचे काही दिसल्यावाचून राहणार नाही. जुन्या ग्रंथकारांपाशी घड्याळ नव्हते. गुडघ्याभोवती हात फिरवून चुटकी वाजवण्यास लागणारा काळ म्हणजे एक मात्रा, अशा व्याख्या त्यांनी केल्या. एक मात्रा पूरक, चार मात्रा कुंभक, दोन मात्रा रेचक हे प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या पाठ होत आले. त्या प्रमाणाने शरीरात नेमके काय घडते, हा प्रश्न प्रयोगशाळेत नेण्याचे काम कुवलयानंदांनी केले.

त्यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. घरची परिस्थिती बेताची होती. १९०३ मध्ये मॅट्रिकला संस्कृतसाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली आणि पुढील शिक्षणासाठी ते बडोदा कॉलेजात गेले. तेथे अरविंद घोष यांचा आणि पुढे लोकमान्य टिळकांच्या चळवळीचा प्रभाव त्यांच्यावर पडला. १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्या हाताखाली त्यांनी शरीरसाधना केली. संस्कृतचा अभ्यासक आणि आखाड्यातला विद्यार्थी असा हा दुर्मीळ मेळ होता. पुढच्या साऱ्या कार्याचे बीज या मेळात आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

१९१६ पासून ते खानदेशात अमळनेर येथे शिक्षक होते. तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपदही त्यांनी सांभाळले. मात्र आयुष्याला वळण मिळाले ते १९१९ मध्ये. नर्मदाकाठच्या मालसर येथे परमहंस माधवदास महाराज यांची भेट झाली आणि योगाची प्रत्यक्ष दीक्षा मिळाली. गुरूने दिलेले ज्ञान त्यांनी श्रद्धेने स्वीकारले. पण ते तपासून पाहण्यात अश्रद्धा आहे, असे त्यांना कधी वाटले नाही. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या क्रिया चालू असताना त्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पोटातील हालचाली पाहिल्या. त्या काळी हे धाडसच होते. योग्यांना यंत्र नको होते आणि यंत्रवाल्यांना योगी नको होते.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम आश्रमाची स्थापना झाली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे इंग्रजी नियतकालिक सुरू झाले. आश्रमाबरोबर नियतकालिक काढावे आणि त्यात प्रवचनांऐवजी क्ष-किरण चित्रे, दाबमापकाचे आकडे व कोष्टके छापावीत, ही कल्पनाच त्या काळाच्या पुढची होती. बस्ती क्रियेत योगी पाणी आत ओढून घेतात, ते कसे? नौली चालू असताना मोठ्या आतड्यात बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब निर्माण होतो, हे त्यांनी मोजून दाखवले आणि त्या निर्वाताला आपल्या गुरूंचे, माधवदासांचे नाव दिले.

प्राणायामावरील काम याहून नाजूक होते, कारण येथे लोकांच्या आवडत्या समजुतीला धक्का लागत होता. प्राणायामाने शरीराला भरपूर प्राणवायू मिळतो, असे तेव्हा सांगितले जाई. आजही व्यासपीठांवरून सर्रास सांगितले जाते. स्वामीजींनी उच्छ्वासाच्या हवेचे पृथक्करण केले. लांब आणि आखूड कुंभक, कमी-अधिक कालावधीच्या फेऱ्या, वेगवेगळी प्रमाणे असे प्रकार पाडून किती प्राणवायू शोषला गेला व किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, याच्या नोंदी केल्या. १९३३ च्या सुमारास ‘योगमीमांसे’त हे निबंध आले. प्राणायामाचे महत्त्व अधिक प्राणवायू मिळण्यात नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता. योगप्रचारकाला गैरसोयीचा वाटावा असा हा निष्कर्ष त्यांनी स्वतःच्याच नियतकालिकात छापला. येल विद्यापीठाचे के. टी. बेहनन त्याच सुमारास लोणावळ्यास येऊन त्यांच्याकडे शिकले. आपल्या १९३७ च्या ग्रंथात त्यांनी उज्जायीच्या वेळी प्राणवायूचा वापर वाढल्याचे आकडे दिले. गुरूच्या निष्कर्षाशी शिष्याचे आकडे जुळत नव्हते. पण वाद निदान आकड्यांच्या पातळीवर आला होता.

येथे थोडे विषयांतर करणे भाग आहे. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली या इंग्लंडमधील शास्त्रज्ञांनी १९०५ मध्ये दाखवून दिले, की श्वासाची गती मुख्यतः रक्तातील कार्बन डायऑक्साइड ठरवतो. श्वास रोखल्यावर जो कासावीसपणा येतो, तो प्राणवायू संपल्याचा इशारा नसतो. कार्बन डायऑक्साइड साचल्याचा असतो. आता एखाद्याने बुडी मारण्यापूर्वी भराभर खोल श्वास घेतले, तर प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र धुऊन निघतो. मग इशारा उशिरा येतो आणि त्याआधीच प्राणवायू इतका घटतो, की माणूस कोणतीही पूर्वसूचना न मिळता पाण्यात बेशुद्ध होतो. पट्टीच्या पोहणाऱ्यांचे बळी अशाच प्रकारे गेले आहेत. मनगटावरचा संगणक काळ मोजतो, खोली मोजतो. रक्तातील वायू मोजत नाही. दोन मिनिटांचा गजर वाजला, तरी तो ऐकणारा शुद्धीवर असेलच, याची हमी त्या यंत्रापाशी नाही. म्हणूनच या खेळात सोबत्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही, हा पहिला नियम मानतात. बुडीच्या काळाच्या निदान दुप्पट विश्रांती वर घ्यावी, हाही प्रचलित दंडक आहे. त्या विश्रांतीचा गजर लावणे हाच या घड्याळाचा सर्वांत शहाणा उपयोग होय. पावसाळ्यात कर्जत-खालापूरचे धबधबे आणि धरणे यांवर प्रशासनाला मनाईचे आदेश काढावे लागतात. अशा ठिकाणी एकट्याने श्वासाचा पराक्रम करू पाहणाऱ्याला कोणतेही यंत्र तारणार नाही.

कुवलयानंदांच्या ‘प्राणायाम’ या १९३१ च्या पुस्तकात पाणबुड्यांचा विचार नाही, पण मर्यादेचा विचार पानोपानी आहे. नवशिक्याने आधी कुंभकाविना पूरक आणि रेचक साधावेत, रेचक पूरकाच्या दुप्पट ठेवावा, मग पुढे जावे, असा त्यांचा क्रम आहे. कुंभक किती, याचे उत्तर ते केवळ आकड्यात देत नाहीत. त्यानंतरचा रेचक संथ आणि ताब्यात राहिला पाहिजे. तो घाईने सुटला, गुदमरल्यासारखे झाले, तर मर्यादा ओलांडली असे समजावे. शिवाय आरोग्यासाठी व्यायाम करणारा आणि अध्यात्मसाधक यांना त्यांनी वेगळे केले आणि पहिल्याला दीर्घ कुंभकाच्या मागे लागू दिले नाही.

त्यांचे नाव लवकरच देशभर झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींनी रक्तदाबाच्या तक्रारीबाबत त्यांचा सल्ला घेतला. शाळांतील सामूहिक कवायतीसाठी ‘यौगिक संघव्यायाम’ १९३६ मध्ये आला आणि त्याच वर्षी मुंबईत मरीन ड्राइव्हवर ईश्वरदास चुनीलाल यौगिक आरोग्य केंद्र उभे राहिले. पुढे लोणावळ्यात योग महाविद्यालय आणि योग रुग्णालय सुरू झाले. डॉ. विनेकर यांच्यासमवेत लिहिलेले योगोपचारावरील पुस्तक १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. या सर्व व्यापात प्रयोगशाळा मात्र कधी मागे पडली नाही. १९५७ मध्ये अमेरिकेचे वेंगर आणि बागची योग्यांच्या शरीरक्रियांचा अभ्यास करण्यासाठी भारतात आले, तेव्हा त्यांच्या प्रयोगांचे एक ठिकाण लोणावळा होते.

१८ एप्रिल १९६६ रोजी स्वामीजींचे निधन झाले. त्यानंतर दोन वर्षांनी करंबेळकर, विनेकर आणि भोळे या त्यांच्या संस्थेतील संशोधकांचा निबंध भारतीय वैद्यक संशोधन नियतकालिकात आला. हवाबंद खड्ड्यात माणसे बसवून, आतील प्राणवायू किती घटतो आणि कार्बन डायऑक्साइड किती चढतो, हे त्यांनी लोणावळ्यात मोजले होते.